न पडलेली चौदा मतं

आमच्या लेझमीच्या आवाजाची तक्रार आली तेव्हा मला जपानमध्ये येऊन तीन वर्षं झाली होती. हिगाशी-कसाईतलं पहिलं घर सोडून आम्ही तोझाई लाईनवरच जरा पुढच्या एका गावात राहायला आलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण मी अजून तिथेच राहते आणि मला रोज त्याच रस्त्यांवरून जायचं असतं.

गावात एक जुनं कोमिन्कान होतं, म्हणजे नगरपालिकेचं तीन मजली सांस्कृतिक केंद्र. खाली वाचनालयाची एक खोली, वर संगीताची खोली, सगळ्यात वर तातामीच्या चटया घातलेला हॉल. दारात चपला काढून तपकिरी स्लिपर घालायच्या आणि फळ्यावर आपल्या सर्कलपुढे, म्हणजे छंदगटापुढे, वेळ लिहायची. गाणाऱ्यांचं सर्कल, सुलेखनाचं, शोगी हे जपानी बुद्धिबळ खेळणाऱ्या म्हाताऱ्यांचं, आणि मग आमचं. आम्ही चौदा मराठी बायका. बहुतेकजणी पुण्याच्या, तीन-चार मुंबईच्या, सगळ्या नवऱ्याच्या नोकरीमागे आलेल्या. शनिवारी दुपारी आम्ही लेझीम खेळायचो.

दुसऱ्याच महिन्यात शेजारच्या इमारतीतून चिठ्ठी आली की हा लोखंडी खुळखुळाट असह्य होतो. केंद्राच्या कर्मचाऱ्याने ती चिठ्ठी वाकून, माफी मागत आमच्या हातात दिली. पुढच्या शनिवारी फळ्यावर आमच्या नावापुढची जागा कोरी होती.

तेव्हा मध्ये पडल्या सेन्सेई, म्हणजे आमच्याकडे म्हणतात तशा बाई. बालवाडीत चाळीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, केस कापलेल्या, एक बारीकशी बाई. बुधवारी त्या केंद्रात कामिशिबाईचं सर्कल चालवायच्या. लाकडी चौकटीत चित्रांचे पुठ्ठे एकामागून एक सरकवत मुलांना गोष्ट सांगायची, पाठीमागे मजकूर लिहिलेला, अशी ती जुनी कला. त्यांनी आमची काहीही ओळख नसताना मला बरोबर घेतलं आणि त्या इमारतीत दारोदार फिरल्या. प्रत्येक दारात मिठाईचा छोटा पुडा ठेवायचा आणि म्हणायचं, "या बायका शनिवारी दोन ते साडेतीनच खेळतील, खिडक्या बंद ठेवून. एकदा येऊन बघा." मी मागे उभी राहून फक्त वाकत होते. त्या दिवशी बावीस दारं झाली. पुढच्या शनिवारी फळ्यावर आमच्या नावापुढे वेळ परत आली आणि तक्रार करणाऱ्यांपैकी एक आजोबा खरंच बघायला आले.

नंतर मी बुधवारचं सर्कल धरलं. पुण्यात मी शाळेत चित्रकला शिकवायचे. इथे मी बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या, कारखान्यात सरकत्या पट्ट्यापुढे उभी राहून भातावर लोणच्याचा तुकडा ठेवायचं अर्धवेळ काम करत होते. हातात ब्रश येऊन वर्षं झाली होती. सेन्सेईंनी कोरे पुठ्ठे पुढे ठेवले आणि म्हणाल्या, "तुमची गोष्ट काढा." मी चुकीच्या दिवशी टाकलेल्या कचऱ्याच्या पिशवीची गोष्ट काढली. इथे प्रत्येक कचऱ्याला वार ठरलेला असतो; तो चुकला की पिशवीवर लाल कागद चिकटतो, कुणी तिला नेत नाही, ती बिचारी गल्लीभर फिरत स्वतःचा वार विचारते. मुलं खुर्च्यांवरून पडेपर्यंत हसली. माझ्या जपानीतल्या चुका सेन्सेईंनी जाणूनबुजून तशाच ठेवल्या होत्या. "पिशवी परदेशी आहे," त्या म्हणाल्या, "ती अशीच बोलणार."

चित्रं रंगवताना मी त्यांच्यापाशी एकच गाऱ्हाणं गायचे. आम्ही इथे कर भरतो, माझी मुलगी इथल्या शाळेत जाते, आणि गल्लीतला दिवा कुठे लागणार हे ठरवताना आम्हाला कुणी विचारत नाही. मत नाही, म्हणजे आम्ही नाहीच. त्या ऐकून घ्यायच्या. "खरं आहे," म्हणायच्या, आणि ब्रश धुवायच्या.

मग एके दिवशी दाराशी नोटीस लागली. केंद्र पाडायचं आणि स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत "सुविधा एकत्र" करायच्या, असा नगरपालिकेचा विचार होता. नकाशात हॉल नव्हता. वाचनालय होतं, एक काचेची बैठकीची खोली होती, कॅफे होता.

सर्कलवाले एकत्र आले. वसंतात नगरसभेची निवडणूक होती. सगळ्यांचं म्हणणं पडलं की निवेदनांनी काही होणार नाही, आपलंच माणूस सभेत पाठवायला हवं. उभं राहायला तयार झालेली माणसं दोन निघाली. एक सेन्सेई. दुसरे गाण्याच्या सर्कलचे प्रमुख, व्यापारी कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, वस्तीच्या संघटनेतही पदावर. उंच, नीटनेटके, इंग्रजी बोलणारे. आमच्या बायकांना ते फार आवडायचे, कारण ते समोसे आवडीने खायचे आणि "व्हेरी ब्यूटिफुल कल्चर" म्हणायचे. दोघं उभे राहिले असते तर मतं फुटली असती आणि दोघंही पडले असते. म्हणून ठरलं की आधी आपल्यातच मतदान घ्यायचं. केंद्रात नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला एक मत. रविवारी दहा ते चार, तातामीच्या हॉलमध्ये, स्वतः यायचं, दुसऱ्याच्या हाती चिठ्ठी पाठवायची नाही. जो हरेल तो जिंकणाऱ्याचं काम करेल.

बुधवारी सेन्सेई मला म्हणाल्या, "तुमच्या लेझीमच्या चौदाजणींची नावं यादीत आहेत. सगळ्यांना मत आहे."

"आम्हाला? परदेशी माणसांना?"

"केंद्राच्या सभासदांना," त्या म्हणाल्या. मला मत द्या, असं त्या म्हणाल्या नाहीत. तसं म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

इथे मतपत्रिकेवर शिक्का मारत नाहीत, उमेदवाराचं नाव हाताने लिहितात. मी मुलीच्या चौकटीच्या वहीत सेन्सेईंच्या नावाची चार कांजी अक्षरं पंधरा-वीस वेळा गिरवली. मुलगी चौथीत होती. तिने तिसऱ्या अक्षरातली एक रेघ खोडून दाखवली. "आई, ही आधी." ती जपानीतच बोलते, मी मराठीत. "कशाला शिकतेस?" तिने विचारलं. मी म्हटलं, मत द्यायचंय. तिला ते फार मोठं वाटलं. तिच्या वर्गाची निवडणूक नुकतीच झाली होती.

नवऱ्याला मात्र पटलं नव्हतं. "अगं, त्यांच्या भानगडीत आपण कशाला?" तो म्हणाला. "उद्या हरलेल्या बाजूला वाईट वाटेल. पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं."

"सहा वर्षं कुणी पाहुणा असतो का?"

"तू बघ बाई," म्हणून तो लॅपटॉपकडे वळला.

त्याच रविवारी आमचा दिवाळी मेळावा होता, दोन स्टेशनं पलीकडच्या बागेत. लेझीम दुपारी एकला ठरलेली. मी आमच्या मोबाइलवरच्या गटावर लिहिलं की खेळून झालं की सगळ्यांनी मिळून केंद्रात जायचं, चारच्या आत पोचू. तेरा अंगठे वर आले.

एकची लेझीम सव्वादोनला सुरू झाली. ध्वनिक्षेपक बंद पडला होता, आधीचा मुलांचा नाच परत घ्यावा लागला. आमचा खेळ रंगला, मी खोटं कशाला बोलू. जपानी बायाबापड्या टाळ्या वाजवत होत्या, लहान मुलं आमच्या मध्ये घुसत होती. तीनला आम्ही मोकळ्या झालो. मी म्हटलं, चला. एक म्हणाली, साडी बदलून येते. दुसरीला चाट घ्यायची होती. तिसरी म्हणाली, "अगं, मी तर त्या गाणाऱ्या काकांना देणार होते, ते आपल्याला मोठं स्टेज देणार आहेत. पण तुझ्या सेन्सेई काय नि ते काय, दोघं एकच ना? कुणीही आलं तरी केंद्र वाचणारच." आणखी एक वहिनी म्हणाल्या, "चौदा मतांनी काय फरक पडतो गं? त्यांची शेकड्यांनी माणसं असतील."

साडेतीनला आयोजकांनी माइकवरून सांगितलं की पाहुण्यांबरोबर सगळ्या गटांचे फोटो होणार आहेत, लेझीमच्या ताईंनी थांबावं. मी घड्याळ बघितलं. त्या क्षणी निघाले असते तर स्टेशनापर्यंत पाच मिनिटं, गाडीत सहा, पलीकडे चालत आठ. पोचले असते. एकटी गेले असते तरी एक मत पडलं असतं. पण नऊवारी नेसून एकटीनं धावत सुटायचं, सगळ्यांनी बघायचं, उद्या गटावर "हिला फार पुळका" म्हणायचं. मी थांबले. केस सारखे केले आणि दुसऱ्या रांगेत उभी राहिले.

सेन्सेई नऊ मतांनी हरल्या.

बुधवारी मी सर्कलला गेले तेव्हा त्या नेहमीसारख्या पाणी भरून ठेवत होत्या. "मेळावा कसा झाला?" त्यांनी विचारलं.

"मुलीला एकदम ताप आला," मी म्हणाले. "यायला जमलंच नाही."

"अरेरे. आता बरी आहे ना?"

"हो," मी म्हणाले. वाटेत मी ते वाक्य नीट जपानीत जुळवून ठेवलं होतं, क्रियापदासकट.

ठरल्याप्रमाणे त्यांनी त्या गृहस्थांचं काम केलं. मीही केलं. त्यांच्या पत्रकावरचं केंद्राचं चित्र माझं आहे: खिडकीखिडकीत माणसं, वरच्या मजल्यावर लेझीम. प्रचाराच्या आठवड्यात पांढरे हातमोजे घातलेला त्यांचा हात गाडीच्या खिडकीतून हलताना दिसायचा आणि भोंग्यातून "केंद्र वाचवूया" ऐकू यायचं. सेन्सेई सर्दीतापातून नुकत्याच उठल्या होत्या, खोकत होत्या, तरी स्टेशनासमोर उभ्या राहून पत्रकं वाटत होत्या. बहुतेक लोक हात बाजूला घेऊन निघून जायचे. ते गृहस्थ शेवटच्या काही जागांतून का होईना, निवडून आले. आम्ही तातामीवर बसून ओरडलो, शोगीवाल्या आजोबांनी बिअरचे डबे फोडले. मला वाटलं, चला, माझं पाप धुतलं गेलं.

जूनमध्ये केंद्र पाडायचा ठराव सभेपुढे आला. प्रेक्षकांच्या बाकांवर कुणालाही बसता येतं, नाव-पत्ता लिहून दिला की झालं. सेन्सेई, मी आणि शोगीवाले दोन आजोबा जाऊन बसलो. खाली सभासद कागद चाळत होते. कोण काय बोललं त्यातलं अर्धं मला कळलं नाही. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "ठरावाच्या बाजूने असणाऱ्यांनी उभं राहावं." ते कळलं.

खुर्च्या सरकल्या. आमच्या गृहस्थांनी चष्मा काढून खिशात ठेवला, कोटाचं बटण लावलं आणि उभे राहिले.

मला आधी वाटलं ते चुकून उभे राहिले. मी सेन्सेईंकडे बघितलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि त्या मोजत होत्या. ओठ हलत होते.

बाहेर जिन्यात ते आम्हाला भेटले. भेटायची टाळाटाळ केली नाही, एवढं म्हणायला हवं. "पहिल्याच वर्षी विरोधात बसलो तर पुढची चार वर्षं कुणी मला विचारणार नाही," ते म्हणाले. "आत राहून काम करावं लागतं. चौथ्या मजल्यावर एक बहुउद्देशीय खोली मी मिळवली आहे."

"तिथे लेझीम खेळता येईल?" सेन्सेईंनी विचारलं. त्यांनी कामिशिबाईचं विचारलं नाही, आमचं विचारलं.

"आवाजाचे नियम असतील," ते म्हणाले, आणि वाकून निघून गेले.

त्या रविवारी मी सेन्सेईंच्या घरी गेले. आधी कधी गेले नव्हते. एकटीचं छोटं घर, दाराशी कुंड्या, आत पुठ्ठ्यांच्या चळती. त्यांनी जवाच्या गार चहाचा ग्लास पुढे ठेवला. मी तो हातात न घेताच सांगून टाकलं की मुलीला ताप नव्हता, आम्ही बागेतच होतो, मी फोटोसाठी थांबले.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तो फोटो केंद्राच्या फळ्यावर लावला होता, आंतरराष्ट्रीय मैत्रीच्या कोपऱ्यात. तुमची मुलगी पुढच्या रांगेत होती. ताप दिसत नव्हता."

मी मान खाली घातली. मला वाटलं, आता त्या नेहमीप्रमाणे "जाऊ द्या" म्हणतील. इथे सगळे म्हणतात.

"मी एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती," त्या म्हणाल्या. "मतदानाचे नियम ठरवायच्या बैठकीत ते म्हणाले होते की फक्त जपानी सभासदांना मत असावं. परदेशी लोक दोन-चार वर्षांत निघून जातात, आणि सभेच्या निवडणुकीत त्यांना मत नाहीच, मग इथे कशाला? बऱ्याच जणांना ते पटलं होतं. मी तीन बैठका भांडले. म्हटलं, माझ्या सर्कलमध्ये एक बाई आहे, ती दर बुधवारी मला विचारते की आम्हाला मत का नाही." त्या थांबल्या. "त्या दिवशी मी चार वाजेपर्यंत दाराशी उभी होते. चार वाजून दहा मिनिटांपर्यंत पेटी उघडू दिली नाही. लोक चिडले."



"माझ्याऐवजी त्यांना दिली असतीत चौदाही मतं, तरी मला इतकं वाईट वाटलं नसतं," त्या म्हणाल्या. "मी त्या लोकांना काय सांगू, ते सांगा." मग ग्लासाकडे बोट केलं. "चहा घ्या. गरम होईल."

परतताना मला आठवलं ते पुण्यातलं. महापालिकेच्या निवडणुकीची सुट्टी लागली की आम्ही चारचाकी काढून मुळशीला जायचो. मतदान आणि दोन दिवसांची सहल यात कधी विचार करावा लागला नाही. नगरसेवकांना शिव्या मात्र वर्षभर द्यायचो. मग पुढे निवडणुकाच बरीच वर्षं झाल्या नाहीत, आणि सासूबाई फोनवर म्हणायच्या, "पाणी येत नाही म्हणून कुणाच्या दाराशी जायचं, माणूसच नाही." मी इथे बसून म्हणायचे, काय हा देश. मत हे मला न मिळालेलं काहीतरी आहे असं मी जपानमध्ये सगळ्यांना सांगत होते. मिळालं तेव्हा मी काय केलं, हे पुण्यातही कुणी विचारलं नव्हतं.

मुलीला सांगावं लागलं, कारण तिने विचारलं की केंद्र का पाडतात, आपण तर मत दिलं होतं ना. मी म्हटलं, मी गेले नाही. तिने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग जपानीत म्हणाली, "पण तू तर अक्षरं शिकली होतीस." आणि खोलीत निघून गेली.

ऑगस्टअखेरीस केंद्र बंद झालं. स्लिपर खोक्यांत भरून दाराशी ठेवल्या होत्या, हव्या त्यांनी न्याव्यात म्हणून. शोगीवाले आजोबा आता सुपरमार्केटच्या बाकावर बसतात, पट नसतो. नव्या इमारतीतली चौथ्या मजल्यावरची खोली ऑनलाइन सोडतीने मिळते. आम्ही दोनदा नाव घातलं, दोनदा लागलं नाही, तिसऱ्यांदा कुणी घातलं नाही. लेझीम आता एका ताईंच्या बाल्कनीत कपड्यांच्या टोपलीत आहेत. सेन्सेईंनी पुठ्ठे एका बालवाडीला देऊन टाकले आणि धाकट्या बहिणीकडे सेंदाईला राहायला गेल्या. मला निरोप घ्यायला बोलावलं नाही. पोस्टाने एक सपाट पाकीट आलं, त्यात माझ्या कचऱ्याच्या पिशवीची चित्रं होती, सगळीच्या सगळी, क्रमाने. चिठ्ठी नव्हती.

नोव्हेंबरात पुन्हा दिवाळी मेळावा झाला. मराठी मंडळाच्या गटावर विचारणा झाली की प्रमुख पाहुणे कोण, आणि सगळ्यांनी एकमुखाने त्या गृहस्थांचं नाव सुचवलं. नगरसेवक, शिवाय इंग्रजी येतं, शिवाय आपल्याला ओळखतात. मी लिहिलं की त्यांनी केंद्र पाडायच्या बाजूने मत दिलंय. खाली कुणीतरी लिहिलं, "ताई, सणात राजकारण नको." त्यावर सात अंगठे आले.

आणि शाल-नारळाचं ताट धरायला मलाच सांगितलं, कारण माझं जपानी त्यातल्या त्यात बरं. नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.

त्यांनी भाषण केलं, वेगवेगळ्या देशांच्या लोकांनी मिळून गाव घडवण्याबद्दल. परदेशी रहिवाशांचा सहभाग हीच आमच्या गावाची ताकद आहे, म्हणाले. टाळ्या पडल्या. मंडळाच्या अध्यक्षांनी शाल घातली, ती त्यांच्या कोटावरून घसरत होती, ती मी मागून सावरली. तेव्हा ते माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या चित्राची फार मदत झाली होती मला. लोक अजून आठवण काढतात."

आणि मी ताट छातीशी धरून, कमरेत नीट वाकून, त्यांचे आभार मानले.